खड्डा आधी भिजवून घ्यावा

मराठीत ‘जिरणे’ हे क्रियापद फार कष्टाळू आहे. जमिनीत पाणी जिरते, पोटात अन्न जिरते, आणि एखाद्याचा तोरा उतरला की ‘त्याची जिरली’ असे आपण म्हणतो. या शेवटच्या प्रयोगात नक्की काय जिरले, ते व्याकरणाने कधी स्पष्ट केलेले नाही. तंत्रनिकेतनात जलशास्त्र शिकवताना मी यातला पहिला अर्थ तेवढा फळ्यावर लिहीत असे. उरलेले दोन मला निवृत्तीनंतर, एकाच उन्हाळ्यात, रत्नागिरीबाहेरच्या एका सड्यावर शिकावे लागले.

इथे सडा म्हणजे अंगणात शिंपडतात तो नव्हे. डोंगराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे उघडे, सपाट पठार असते, त्याला आमच्याकडे सडा म्हणतात. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला अशाच एका सड्याच्या कडेवर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सहा घरे बांधायला घेतली होती. एका सकाळी तो नकाशांची गुंडाळी काखेत मारून माझ्याकडे आला आणि म्हणाला की घरांचे आराखडे झाले आहेत, पावसाच्या पाण्याचा तेवढा मी करून द्यावा. रत्नागिरीत इतके अभियंते असताना मीच का, असे मी विचारले.

“हा विषय तुम्ही मला नापास केलेला आहे, सर,” तो म्हणाला. “रिस्क नको.”

हे खरे होते. मी त्याला दोन गुणांनी नापास केले होते. ते दोन गुण कोणत्या प्रश्नात कापले, हे मात्र मला तेव्हा आठवले नाही. त्याला आठवत असावे, अशी शंकाही आली नाही.

जागा पाहायला गेलो तेव्हा मला पहिल्यांदा भेटल्या त्या काकी. सगळी वाडी त्यांना काकी म्हणते, म्हणून मीही म्हणू लागलो. वस्तुतः वयाने मीच त्यांच्याहून वर्षभराने मोठा निघालो. सड्याच्या कडेखाली, चिऱ्यांवर चिरे नुसते रचून केलेल्या पुरुषभर उंचीच्या गडग्यापलीकडे, त्यांची जमीन. बांध घातलेली भाताची तीन लहान शेते, म्हणजे कुणगे, एक विहीर, स्लॅबचे दोन खोल्यांचे घर आणि पुढे पत्र्याची पडवी. गडग्याच्या अगदी पायथ्याशी त्यांचा तरवा असे. भाताची रोपे आधी एका छोट्या वाफ्यात दाट वाढवतात आणि मग उपटून कुणग्यांत लावतात. तो वाफा म्हणजे तरवा. तरवा गेला की त्या वर्षीचे भात गेले.

आदल्या वर्षी तो गेला होता. वर याच घरांसाठी जेसीबीने सडा खरवडला, कारवीची झुडपे आणि मातीचा पातळ थर निघून गेला, आणि जूनमधल्या एका दुपारी सगळे पाणी गडग्यावरून उडी मारून खाली आले. रोपे पऱ्यात, म्हणजे शेजारच्या पावसाळी ओढ्यात, वाहून गेली. शेजाऱ्यांनी आपापली उरलेली रोपे दिली म्हणून दोन कुणगे लागले. तिसऱ्यात गवत वाढले. मुंबईतल्या मुलांनी आईला सांगितले की आता पुरे, जागा विकून टाक. काकींनी एका वर्षाची मुदत मागून घेतली होती.

“यंदा तरवा ऱ्हायला तर शेती,” त्या मला गडग्याशी उभ्या राहून म्हणाल्या. “नाय ऱ्हायला तर जागा तुमच्या या विद्यार्थ्याला देनार आनि मी चालले पोरांकडं. तितं मला चवथ्या माळ्यावर ठेवनार हायत.”

चौथा माळा हे शब्द त्यांनी अशा स्वरात उच्चारले, जसे आपण इस्पितळातल्या खाटेचा क्रमांक सांगतो. माझ्या विद्यार्थ्याने हसून सांगितले की काकी, तुमची जागा नको, तुमच्या हातची फणसाची सांदणे पाठवत जा. तो हसला खरा, पण त्या जागेवर आणखी दोन घरे बसतील हे त्याने कधीतरी मोजले असणारच. बांधकाम करणारा माणूस जागा पाहून न मोजता राहत नाही. मी तरी राहिलो नव्हतो.

माझे काम तत्त्वतः सोपे होते. घरे येण्यापूर्वी सड्यावरून पाणी ज्या संथपणाने खाली जात होते, त्याहून जलद ते नंतरही जाऊ नये. पाइप टाकून पाणी कडेला नेऊन सोडणे, ही सर्वांत स्वस्त पद्धत. पण तिचा अर्थ पाणी काकींच्या स्वाधीन करणे असा होतो. म्हणून पाणी पडेल तिथेच थोपवायचे. प्रत्येक घराच्या पन्हळीखाली खडीने भरलेला एक शोषखड्डा, गडग्यापासून बऱ्यापैकी आत, म्हणजे जिरलेले पाणी पुन्हा गडग्याच्या बुंध्यातून डोके वर काढणार नाही. वाटांना सिमेंट न करता फटी ठेवून बसवलेले चिरे. रस्त्याच्या कडेने गवताची उथळ चर.

आणि मग आकारमान. वर्गात मी हे गणित एका वाक्याने सुरू करीत असे, आणि ते वाक्य मला अजूनही सुंदर वाटते: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी होते. छप्पर आणि अंगण मिळून एका घराचे शंभर चौरस मीटर. तासाभरात साठ मिलिमीटरची सर धरली, तर सहा हजार लिटर. यातले जमीन तासाभरात पिईल ते वजा करायचे, उरेल त्याला खड्ड्यात जागा द्यायची. खड्ड्यात खडी असल्यामुळे पाण्याच्या वाट्याला शंभरात चाळीस भागच जागा येते, हे विसरायचे नाही. झाले. आता फक्त एक आकडा हवा होता: जमीन किती पिते.

तो आकडा पुस्तकात मिळत नाही. जमिनीला विचारावा लागतो. खड्ड्याच्या नियोजित तळाशी एक हातभर लांब-रुंद भोक घ्यायचे, त्यात पाणी भरायचे, पट्टी उभी करायची आणि घड्याळ लावून बसायचे. ही परीक्षा मी मे महिन्यात घेतली आणि तिथेच माझ्या चुकीचा पाया घातला गेला.

मे महिन्यात सड्यावरच्या वाडीला टँकर येतो. मला पाणी त्याच टँकरचे मिळणार होते. हंडे-कळशांची रांग लागली होती आणि त्या रांगेसमोर, गांधीटोपी नसलेला पण तसाच दिसणारा एक वृद्ध गृहस्थ, म्हणजे मी, चार हंडे पिण्याचे पाणी एका भोकात ओतून ते नाहीसे होते का, हे पाहत बसलो होतो. टँकरवाल्याने शांतपणे विचारले, की मास्तर, हे पाणी परत मिळणार आहे का. रांगेतल्या एका बाईंनी जास्त सोपी सूचना केली. पाणी कसे नाहीसे होते ते पाहायचे असेल तर मी त्यांच्या घरी यावे, तिथे भोक न पाडताही होते. सगळी रांग हसली. मीही हसलो, पण नजर पट्टीवरून काढली नाही.

पाण्याची उंची एक फूट होती. अर्ध्या तासात भोक कोरडे.

शास्त्राप्रमाणे हे मोजमाप सुरू करण्यापूर्वी ते भोक एक अख्खा दिवस पाण्याने भरलेले ठेवायचे असते. माझ्या वहीत त्याच्यासाठी पहिला रकाना आखलेला होता: ‘पूर्वभिजवण’. मी रांगेकडे पाहिले. दिवसभर त्या बायकांच्या देखत भोकाला पाणी पाजत बसण्याची माझी छाती झाली नाही. जांभा म्हणजे चाळणीच, तिला भिजवायचे काय, असा एक युक्तिवाद मनाने तत्परतेने पुरवला. मी त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि घरी आलो.

आकडे फार देखणे आले. दर घराचा खड्डा तासाला चोवीसशे लिटर पिणार; उरणाऱ्या छत्तीसशे लिटरांसाठी दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, सव्वादोन मीटर खोल एवढी जागा पुरे. सहा घरांत सहा खड्डे, आणि विद्यार्थ्याच्या आराखड्यातली एकही पार्किंगची जागा जात नव्हती. मी तांबड्या पेन्सिलीने उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. अशा रेघा मी उत्तराबद्दल निःशंक असलो तरच ओढतो.

त्याच आठवड्यात काकींनी मला जेवायला बोलावले. पडवीत पान मांडले होते. फणसाची भाजी, भात, आमरस, आणि शेवटी त्यांची ती सांदणे. फणसाच्या रसात तांदळाचा रवा घालून उकडलेले हे प्रकरण दिसते हलके, पण पोटात गेल्यावर आपले खरे वजन सांगते. मी चार खाल्ली. पाचवे आग्रहाने वाढले. सहावे पानात पडले तेव्हा मी दोन्ही हात आडवे केले.

काकी वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी खड्ड्यांचे आकडे त्यांना जेवताना मोठ्या हौशीने सांगितले होते आणि त्यांनी ते नीट ऐकले होते.

“पयलं सांदन किती वेळात खाल्लंत, मास्तर?”

मी म्हणालो, दोन घासांत.

“आनि ह्ये?”

मी पानाकडे पाहिले. हे संध्याकाळपर्यंतही जाणार नाही, असे प्रामाणिकपणे कबूल केले.

“मंग तुमी जमिनीला मे म्हयन्यात काय म्हनून जेवायला घातलंत? आठ म्हयने उपाशी हाय ती. आता काय पन गिळंल. आर्द्रा नक्षत्र लागलं, पोट टम्म झालं, की मंग इचारा तिला.”

मी हसलो आणि समजावून सांगू लागलो की जांभ्याला छिद्रे असतात, त्याची गोष्ट निराळी आहे. सहावे सांदण पानात तसेच होते. जिरण्याचा दुसरा अर्थ माझ्या समोर वाफाळत होता आणि मी पहिल्यावर व्याख्यान देत होतो. काकी शेवटी म्हणाल्या, की मास्तर म्हणतात तर असेल. आणि आत जाताना गडग्याकडे एकवार पाहिले. त्या पाहण्याने मला घरी जाईपर्यंत सोबत केली. पोट जड असल्यामुळे असेल, असे मी ठरवले.

दोन दिवसांनी विद्यार्थ्याच्या कार्यालयात मी आराखडे आणि वही घेऊन गेलो. खोदाई लगेच सुरू व्हायची होती. मृग लागायला फार दिवस नव्हते. तो खूश होता. पार्किंगच्या बाराही जागा शाबूत होत्या, आणि गणपतीपुळ्याला येणारे गिऱ्हाईक समुद्राच्या आधी गाडी कुठे लावायची ते विचारते. त्याने सही करायला पेन काढले, सहज वही चाळली आणि थांबला.

“सर, ही आडवी रेघ कसली?”

मी म्हणालो, तो रकाना लागू नाही.

त्याने टेबलाचा खालचा खण उघडला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली एक पिवळी पडलेली उत्तरपत्रिका काढली. फेरतपासणीसाठी अर्ज करून त्याने ती परत मिळवली होती आणि इतकी वर्षे जपली होती. पाझर चाचणीच्या प्रश्नाचे त्याचे उत्तर थेट भोकात पाणी भरण्यापासून सुरू होत होते. समासात माझ्या अक्षरात, माझ्या तांबड्या शाईत लिहिले होते: ‘पायरी पहिली? खड्डा आधी भिजवून घ्यावा.’ आणि खाली, अधोरेखित: वजा दोन.

“याच दोन गुणांनी गेलो होतो, सर. सहा महिने फुकट गेले.”

मला काय वाटले ते लिहिण्याची गरज नाही. सुरुवातीला सांगितलेला तिसरा अर्थ वाचकांना ठाऊक आहे.

मी त्याला एवढेच म्हणालो, की ही रेघ तू पाहिली नसतीस तर तुझे पार्किंग वाचले असते. आणि काकींची जागाही कदाचित मिळाली असती, हे मी बोललो नाही. ते त्याला माझ्याआधी कळले होते.

“हो ना,” तो म्हणाला. पेनाचे टोपण त्याने परत लावले. “पण सर, अशी संधी आयुष्यात परत येणार होती का?”

त्याचा चेहरा इतका प्रसन्न मी वर्गात कधी पाहिला नव्हता.

चाचणी पुन्हा घ्यायची ठरली, पण पाणी कुठून आणायचे हा प्रश्न होताच. टँकरच्या रांगेसमोर पुन्हा जाण्यास मी राजी नव्हतो. मी काकींकडे गेलो आणि उभ्या उभ्या सांगितले की तुमचे बरोबर होते, जमिनीला आधी पोटभर जेवू घालायचे राहिले. त्या जिंकल्याचा काही आविर्भाव न करता उठल्या, विहिरीच्या पंपाला नळी जोडली आणि नळीचे दुसरे टोक माझ्या हाती दिले. मे महिन्यातले विहिरीचे पाणी कोणी असे देत नाही. वर चढताना मी दोनदा मागे वळून विचारले, की चालेल ना. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “तरवा गेला तर हिर घिऊन काय चवथ्या माळ्यावर जाऊ?”

सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत ते भोक आम्ही भरलेले ठेवले. मग पट्टी उभी केली. या वेळी प्रेक्षक दोघेच, काकी आणि विद्यार्थी. पाच मिनिटे झाली, दहा झाली. पाणी आरशासारखे स्थिर. विद्यार्थ्याने विचारले की घड्याळ चालू आहे ना. अर्ध्या तासाने काकींनी वाकून पट्टीच्या बाजूला बोटे लावली आणि दोन बोटे दाखवली. पट्टी तीन सेंटिमीटर म्हणत होती. पहिल्या वेळी तीस होते.

वरचा जांभा चाळणी होता, यात वाद नाही. पण चाळणीखाली पांढरट चिकणमातीचा थर होता, आणि ती माती एकदा तृप्त झाली की कोणाचा आग्रह चालू देत नाही. खड्डा तासाला चोवीसशे नव्हे, दोनशे चाळीस लिटर पिणार होता. मी दशांशचिन्ह एक घर चुकल्यासारखा, बरोबर दहापट चुकलो होतो. जी चूक मी कोणाही विद्यार्थ्याला ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मारून परत दिली असती, तिच्यासाठी माझ्याजवळ भल्या माणसाचे कारण होते. शेरा तरीही तोच.

खड्डे दहापट मोठे करावे लागले नाहीत, कारण बरेचसे पाणी साठवायची सोय आधीच होती. दर घरामागे एकवीसशेसाठ लिटर वाढले, सहा घरांचे मिळून सुमारे तेरा हजार. खाली चिकणमाती असल्यामुळे खोल जाण्यात अर्थ नव्हता. पसरावे लागणार होते. तेरा हजार लिटरांना अर्धा मीटर खोली दिली तर सव्वीस चौरस मीटर जागा हवी. मी हा आकडा सांगितला तेव्हा विद्यार्थ्याने डोळे मिटले. सव्वीस चौरस मीटर म्हणजे नेमक्या दोन गाड्यांची जागा, हे त्याला न मोजता कळले. त्याने गिऱ्हाइकांना सांगायला ‘पावसाची बाग’ असे नाव शोधून काढले आणि नकाशावर पार्किंगचे दोन चौकोन स्वतः खोडले. बागेला एका अंगाने ठराविक उंचीवर सांडवा ठेवला. त्याहून जास्त आलेले पाणी चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून, दर पायरीला आपला वेग खर्च करीत, थेट पऱ्यात उतरावे अशी योजना होती.

मृगाचे पाऊस सौम्य गेले. जमीन अजून जेवत होती. खरी परीक्षा आर्द्रा नक्षत्रात आली. एका दुपारी माझ्या घराच्या पत्र्यावर असा आवाज सुरू झाला की घरात बोललेले ऐकू येईना, आणि त्यातच काकींचा फोन आला. त्या काय म्हणाल्या ते मला कळले नाही. मी रिक्षाने गेलो. वाटेत मी मनातल्या मनात सगळे गणित पुन्हा केले. उत्तर तेच आले, तरी मला त्याचा भरवसा वाटेना.

विद्यार्थी आधीच तिथे होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. बाग काठोकाठ भरली होती. सांडव्यावरून पाण्याचा एक रुंद, पातळ पदर पायऱ्या उतरत होता, तांबूस आणि निवांत. आम्ही गडग्याच्या कडेला जाऊन खाली पाहिले. काकी डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन तरव्यात उभ्या होत्या. गडग्यावरून एक थेंबही उडी मारत नव्हता. रोपे पावसाने वाकत होती आणि उठत होती, जशी पावसात कोणतीही रोपे वाकतात आणि उठतात. पोपटी रंगाचा तो तुकडा सगळ्या करड्या दुपारी तेवढाच उजळ होता.

मी वरून ओरडून विचारले की फोनवर काय सांगत होतात.

“जिरलं, म्हनून सांगत व्हते.”

विद्यार्थ्याने माझ्याकडे पाहिले आणि पावसातही मला ऐकू जाईल अशा बेताने विचारले की सर, कोणाचे. मी त्याला सांगितले की कर्ता अध्याहृत आहे.

जुलैत तिन्ही कुणग्यांत लावणी झाली. मुंबईहून धाकटा मुलगा चार दिवसांसाठी आला होता, तो चिखलात उभा राहून जागेच्या विक्रीबद्दल काही बोलला नाही. रोपे थोडी उरली. काकींना उरलेली रोपे फेकवत नाहीत. आदल्या वर्षी त्या स्वतः दुसऱ्यांच्या उरलेल्या रोपांवर निभावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी बाग तपासायला गेलो, तर विद्यार्थ्याने नर्सरीतून मागवलेली फुलझाडे पिशव्यांत बाजूला उभी होती आणि दोन गाड्यांच्या जागेत भाताच्या सरळ ओळी लागल्या होत्या. विद्यार्थी काठावर उभा होता. एका गिऱ्हाइकाने त्याला नुकतेच विचारले होते की ही कोणती शोभेची जात.

प्रत्यक्ष जसे बांधले तसा अंतिम नकाशा देणे हे माझे शेवटचे काम होते. त्या सव्वीस चौरस मीटरांवर पूर्वी मी ‘शोभेची झाडे’ असे लिहिले होते. ते एका रेघेने खोडले आणि वर नीट अक्षरात लिहिले: ‘भात’. मग वही काढली, पूर्वभिजवणीच्या रकान्यातली आडवी रेघ खोडली आणि तिथे ‘एक दिवस, पाणी काकींच्या विहिरीचे’ अशी नोंद केली. नकाशा आणि वही विद्यार्थ्याकडे दिली. त्याने खणातून तांबडे पेन काढले, दोन्ही नोंदी वाचल्या, आणि समासात मला दोन गुण दिले.